शून्यावरचा काटा

माझ्या वडिलांचे मनगटी घड्याळ रात्रीही जागे असायचे. थंडीच्या दिवसांत मी त्यांच्या गोधडीत शिरे, डोक्यावरून पांघरूण घेई आणि त्यांचा हात डोळ्यांजवळ ओढून धरी. त्या काळोखात बारा हिरवट ठिपके आणि दोन काटे काजव्यांसारखे लुकलुकत असत. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्करी सामानाचा जो जुना बाजार भरू लागला होता, त्यात वडिलांना हे घड्याळ मिळाले होते. "रेडियमचं घड्याळ आहे आपलं," असे ते आल्यागेल्याला मोठ्या दिमाखात सांगत. आमच्या वाड्यात तेव्हा दुसरे रेडियम नव्हते.

मी शाळा सोडेपर्यंत तो उजेड मंद मंद होत गेला आणि एका रात्री गोधडीतला काळोख पुरा झाला. "रेडियम संपलं," वडील म्हणाले. मीही तसेच समजलो. पुढे मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक झालो. रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षे असते, हे वाक्य तीस वर्षांच्या नोकरीत किती वेळा फळ्यावर लिहिले असेल, त्याची गणती नाही. पण ते वाक्य घरच्या घड्याळाला लावून पाहावे, असे एकदाही सुचले नाही. अर्धायुष्य १६०० वर्षांचे असेल, तर तीस वर्षांत ते संपले कसे? हा प्रश्न मला एखाद्या विद्यार्थ्यानेही विचारला नाही, आणि मी स्वतः तर विद्यार्थी राहिलोच नव्हतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात गेलो. अकरा वर्षांच्या नातवाला काय न्यावे, या विचारात मी वडिलांचे ते घड्याळ नेले. पोराला ते इतके आवडले की रात्री उशाशी घेऊन झोपू लागला. मग कुठूनशी त्याने अंधारात चमकणाऱ्या नव्या रंगाची एक कुपी मागवली आणि मला बेत सांगितला, "आजोबा, वरची काच काढायची, आतला जुना रंग खरवडायचा आणि हा नवा लावायचा. मग ते पुन्हा तुमच्या लहानपणीसारखं दिसेल."

मला गहिवरून आले. पण मुलीच्या कपाळाला आठी पडली. "बाबा, जुना रंग म्हणजे रेडियमच ना? तपासून पाहिल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही." घरात दोन शिक्षक असले की नियम असे लवकर होतात, मुलगीही शिकवण्याच्याच धंद्यात आहे.

तपासायचे कशाने? योग असा की त्याच सुमाराला, मे महिन्यात, डेटनजवळच्या झीनिया गावी हौशी रेडिओवाल्यांची मोठी जत्रा भरते. तीन दिवस चालते. जुनी यंत्रे, दिवे, तारा, लष्कराने आणि सरकारने काढून टाकलेले सामान उघड्या मैदानात मांडलेले असते. आपला जुना बाजारच म्हणा, फक्त चहावाला नाही. जावयाबरोबर शुक्रवारी मी तिथे गेलो आणि एका टेबलावर मला हव्या त्या पिवळ्याधमक पेट्या दिसल्या. वर उचलायला दांडी, दर्शनी भागावर काटा आणि कडेला नागरी संरक्षण दलाचे वर्तुळातल्या त्रिकोणाचे चिन्ह. "गायगर काउंटर," विकणारे गृहस्थ म्हणाले.

पेट्या दोन तऱ्हेच्या होत्या. एक स्वच्छ, आटोपशीर, नवीकोरी वाटावी अशी. दुसरी थोडी पोचे आलेली. तिला वेटोळ्या तारेने एक नळी जोडलेली. पहिलीची किंमत दुसरीच्या तिसरा हिस्सा. गृहस्थांनी पहिलीची कळ फिरवली आणि काटा झटकन उठून खूण केलेल्या जागी उभा राहिला. सुरेख चालणारी, स्वस्त आणि नळीचे लोढणे नसलेली! मी पुणेकर. मी पहिलीच घेतली.

घरी आल्यावर सगळ्यांना टेबलाभोवती बसवले. घड्याळ पेटीच्या खाली ठेवले, वर ठेवले, बाजूला ठेवले. कळ सर्वांत बारीक मापावर आणली. काटा शून्यावर. मी चष्मा पुसला आणि वर्गात बोलावे तसा बोललो, "काही नाही. रेडियम संपलं आहे." नातू टुणकन उठला आणि लहान पेचकस घेऊन आला.

एवढ्यात आतून, पोळ्या लाटता लाटता, आमच्या मंडळींचा आवाज आला. "अहो, पण तो काटा किती वजनाला हलतो, ते पाहिलंत का? आमच्या नानांच्या वखारीत लाकडं तोलायचा काटा होता. काकूनं एकदा गंमत म्हणून त्याच्यावर आपली अंगठी ठेवली. काटा ढिम्म हलला नाही. म्हणून काय ती अंगठी सोन्याची नव्हती?"

मी पेटीच्या तबकडीवरची अक्षरे त्या दिवशी प्रथमच नीट वाचली. आणि नातवाने मागचे झाकण उघडले होते, काच अजून जागेवर होती, तेवढ्यात त्याच्या हातातून घड्याळ काढून घेतले.

* * *

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा ह्या पेट्यांचा इतिहास वाचत बसलो. तो मुळात पाहिला पाहिजे, कारण माझी चूक त्या इतिहासातच दडलेली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी किरणोत्सर्गाचे कण डोळ्यांनी मोजावे लागत. शास्त्रज्ञ काळोख्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसून राहत आणि झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उठणारी एकेक ठिणगी मोजत. १९०८ मध्ये मँचेस्टरला रदरफर्ड आणि त्यांचा तरुण जर्मन सहकारी हान्स गायगर यांनी हे काम विजेवर सोपवले. पुढे १९२८ मध्ये कील येथे गायगर आणि त्यांचा विद्यार्थी वाल्टर म्यूलर यांनी त्या युक्तीला आजची नळी दिली. रचना अगदी साधी आहे. धातूच्या नळीत थोडा विरळ वायू, मधोमध एक बारीक तार, आणि तार व नळी यांच्यामध्ये शेकडो व्होल्टचा दाब. एखादा कण आत शिरला की वायूच्या एखाद्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो. तो तारेकडे धावताना दुसऱ्याला धक्का देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि डोंगरावरून दरड कोसळावी तसा इलेक्ट्रॉनांचा लोंढा तारेवर आदळतो. कानाला 'टक्' असा आवाज येतो. एका कणाचाही आवाज ऐकू यावा, एवढी ही नळी तिखट कानाची.

पिवळ्या पेट्या मात्र एकेक कण ऐकण्यासाठी जन्मल्या नव्हत्या. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली. स्फोट अपेक्षेच्या अडीचपट झाला आणि जळलेल्या प्रवाळाची किरणोत्सर्गी भुकटी दूरवर पसरली. त्या टापूत मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर ती पांढऱ्या राखेसारखी पडत राहिली. बोटीवरचे तेवीसच्या तेवीस खलाशी आजारी पडले. त्यांचा बिनतारी संदेशवाला सप्टेंबरात वारला. बाँब ज्याच्या डोक्यावर पडतो तोच मरतो असे नाही, वाऱ्याच्या दिशेला शेकडो मैलांवर असलेलाही मरतो, हे जगाला तेव्हा कळले.

मग अमेरिकेच्या नागरी संरक्षण खात्याने लाखो यंत्रे करवून घेतली आणि शाळा, अग्निशमन केंद्रे, नगरभवने, तळघरे अशा ठिकाणी वाटली. क्लीव्हलंडच्या व्हिक्टोरीन कंपनीने ती बनवली, तशी लायोनेल या नावाने खेळण्यातल्या आगगाड्या करणाऱ्या कंपनीनेही बनवली. ज्या घरात पोराची आगगाडी लायोनेलची, त्या गावच्या तळघरातली पेटीही लायोनेलची. १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबाच्या प्रश्नावरून युद्ध दाराशी आले, तेव्हा ह्या पेट्या किती जणांनी पुसूनपासून ठेवल्या असतील!

ते युद्ध झाले नाही. शीतयुद्धही संपले. पेट्या सरकारी कोठारांतून बाहेर पडल्या आणि जत्रेतल्या टेबलांवर आल्या.

आता माझ्या पेटीकडे येऊ. तिचे नाव सीडी व्ही-७१५. हिच्यात गायगर नळी मुळी नाहीच. बंद डब्यातल्या हवेत किरणांमुळे किती विद्युतभार सुटतो, तो एकूण मोजणारी एक कोठी आहे. तिचे सर्वांत मोठे माप ताशी ५०० राँटजेन. तिथे तासभर उभा राहिलेला माणूस, उपचार न मिळाल्यास, बहुधा जगत नाही. तिचे सर्वांत बारीक मापदेखील ताशी अर्ध्या राँटजेनचे, म्हणजे ५०० मिलिराँटजेनचे. आणि आपल्या घराच्या भिंतींतून, जमिनीतून, आकाशातून आपल्यावर जो नैसर्गिक किरणोत्सर्ग येतो, तो ताशी सुमारे ०.०१ ते ०.०२ मिलिराँटजेन! म्हणजे काटा टोकाला जायला घरातला किरणोत्सर्ग निदान पंचवीस हजारपट वाढायला हवा. ही पेटी जगाचा अंत मोजण्यासाठी केलेली. तिला वडिलांचे घड्याळ कुठून दिसणार?

आणि तो झटकन उठलेला काटा? ती कळ 'सर्किट चेक'ची होती. तिने काट्यापर्यंतची वीज ठीक आहे, एवढेच कळते. किरणांशी तिचा काही संबंध नाही. दुकानातल्या तराजूचा काटा बोटाने हलवून "बघा, चालतो" म्हणावे, तशातला तो प्रकार. विकणाऱ्या गृहस्थांचा दोष नाही. 'चालते' एवढेच त्यांनी सांगितले होते, आणि काय मोजते हे मी विचारले नव्हते.

* * *

रविवारी जत्रेचा शेवटचा दिवस. मी पुन्हा गेलो, आणि ह्या वेळी पोचे आलेली पेटी मागितली. तिचे नाव सीडी व्ही-७००. हिची मापे तीन: ताशी ०.५, ५ आणि ५० मिलिराँटजेन. म्हणजे हिचे सर्वांत बारीक माप माझ्या पहिल्या पेटीच्या सर्वांत बारीक मापाच्या हजारपट नाजूक. हीच खरी गायगर काउंटर. नळी त्या तारेच्या टोकाला असते. मी जिला लोढणे म्हणालो होतो, तोच हिचा जीव.

वाचकांपैकी कुणाच्या परदेशस्थ मुलाबाळांनी असे काही घ्यायचे ठरवले, तर माझ्या फजितीचा एवढा उपयोग व्हावा. पहिल्यांदा तबकडीवर 'मिलि' हा शब्द आहे की नाही, ते पाहावे. मग झाकण उघडून बॅटरीची जागा पाहावी. जुन्या बॅटऱ्या फुटून तिथे हिरवा-पांढरा गंज चढलेला असतो. पेटीच्या कडेला कारखान्यानेच एक इवलासा किरणोत्सर्गी नमुना चिकटवलेला असतो. नळीवरची बाही फिरवून खिडकी उघडावी आणि ती त्या नमुन्याजवळ धरावी. काटा उठला पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. नळी नमुन्यापासून दूर न्यावी, कानाला ऐकणी लावावी आणि स्वस्थ बसावे. मिनिटाला पंधरा-वीस वेळा टक्, टक्टक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक्, असा वेडावाकडा आवाज यायला हवा. पागोळ्यांच्या थेंबांना जसा ताल नसतो, तसा यालाही नसतो. घड्याळासारखी नेमकी टकटक आली, तर बिघाड यंत्रातला समजावा. आणि काहीच ऐकू आले नाही, तर पेटी परत टेबलावर ठेवावी; कारण पृथ्वीवर पूर्ण शांतता कुठेच नाही.

घरी आलो. ह्या वेळी भाषण केले नाही. ऐकणी नातवाच्या कानाला दिली आणि नळी घड्याळाजवळ नेली. त्याचे डोळे विस्फारले. बारीक मापावर काटा टोकाला जाऊन टेकला. पुढच्या मापावर नेला तेव्हा तो दोनच्या आसपास थरथरत उभा राहिला. नळीची बाही बंद केली तसा तो बराच खाली आला, म्हणजे बीटा किरण अडले आणि गॅमा तेवढे आत गेले. हा आकडा म्हणजे डॉक्टरी निदान नव्हे. हे यंत्र गॅमा किरणांवर बेतलेले असते आणि बीटा मिसळले की आकडा फुगतो. पण 'आहे की नाही' ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. रेडियम संपले नव्हते. वडिलांच्या मनगटावर जितके होते, जवळजवळ तितकेच ते आमच्या टेबलावर होते.

मग संपले काय होते? रेडियम स्वतः तसे उजेड देत नाही. त्या रंगात रेडियमबरोबर झिंक सल्फाइड मिसळलेले असे, आणि रेडियमच्या कणांचा मार खाऊन तेच चमके. वर्षानुवर्षे मार खाऊन झिंक सल्फाइडचे स्फटिक निकामी होतात. मारणारा मात्र ताजातवाना असतो. आम्ही ज्याला रेडियमचे मरण समजलो, ते त्याच्या सोबत्याचे मरण होते.

आणि हा रंग खरवडणे म्हणजे काय, ते न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या मुलींनी जगाला शिकवले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तिथल्या कारखान्यात मुली घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचे आकडे रंगवत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरून फिरवावा, असे त्यांना शिकवलेले होते. एका आकड्याला एक वेळ, अशा दिवसाला शेकडो वेळा. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. काही वर्षांनी मुलींचे दात पडू लागले, जबडे सडू लागले. आजार भलताच आहे, असे त्यांना सांगितले गेले. १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलँड नावाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने यंत्र लावून त्यांच्या शरीरातला किरणोत्सर्ग आणि श्वासातून बाहेर पडणारा रेडॉन वायू मोजला, तेव्हा तोंडे बंद झाली. १९२८ च्या जूनमध्ये पाच जणींचा खटला तडजोडीने मिटला. गायगर-म्यूलर नळीही त्याच सालची. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

आमच्या जेवणाच्या टेबलावर, पोळीच्या ताटांशेजारी, अकरा वर्षांचा मुलगा तोच रंग खरवडून उडवणार होता. आणि त्याला परवानगी मी दिली होती, शून्यावरच्या काट्याच्या साक्षीने.

* * *

मग पुढचे आठ दिवस नातू आणि मी घरभर नळी घेऊन फिरलो. जुन्या सामानाच्या विक्रीतून मुलीने नारिंगी रंगाची एक देखणी चिनी मातीची बशी आणली होती. नळी जवळ जाताच कडकडाट! वेस्ट व्हर्जिनियात १९३६ पासून निघालेल्या ह्या 'फिएस्टा' भांड्यांच्या नारिंगी झिलईत युरेनियम असे. १९४३ मध्ये अणुबाँबसाठी सरकारने युरेनियम आपल्याकडे ओढले आणि तो रंग बंद पडला. १९५९ मध्ये पुन्हा सुरू झाला. बशी नुसती भिंतीवर टांगली तर तिची फारशी भीती नाही. पण आंबट पदार्थाने झिलईतले युरेनियम थोडे थोडे सुटते, आणि आमच्या मंडळींनी नेमके तिच्यात लिंबाचे लोणचे काढून ठेवले होते. लोणचे गेले, याची हळहळ त्यांना अजून आहे.

गॅरेजात जुन्या कंदिलाच्या जाळ्यांचे एक पाकीट सापडले. तेही बोलू लागले, आणि मी एकदम लहानपणच्या वरातीत जाऊन पोचलो. डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या बायका, बत्तीचा तो सूं सूं आवाज, आणि रेशमी जाळीचा डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश! ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी शोधलेल्या ह्या जाळीत ९९ टक्के थोरियमचे आणि १ टक्का सेरियमचे ऑक्साइड असे. थोरियम येई मोनाझाइट वाळूतून, आणि ती वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची. १९०९ मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञाला ती तिथल्या काथ्याला चिकटलेली सापडली आणि ती जहाजे भरभरून परदेशी जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, केरळात आळवे येथे आपला स्वतःचा कारखाना उभा राहिला. जळून गेलेली जाळी बोटाने चुरगळून फुंकर मारण्याचा खेळ आम्ही पोरे खेळत असू. आज म्हणेन, तो खेळ नको. भुकटी श्वासात जाऊ देऊ नये.

पण नळी जिथे गप्प बसली, त्या जागा मी जास्त लक्षात ठेवल्या. छतावरच्या धुराच्या घंटेत अमेरिशियम असते. त्याचे अल्फा कण डबीच्याच बाहेर पडत नाहीत, आणि पडले असते तरी ह्या नळीची धातूची भिंत त्यांनी ओलांडली नसती. त्यासाठी अभ्रकाची पातळ खिडकी असलेली निराळी नळी लागते. काही नव्या घड्याळांत रेडियमऐवजी ट्रिटियम असते; त्याचे बीटा कण इतके दुबळे की ही पेटी त्यांना ऐकूच शकत नाही. म्हणजे चांगल्या पेटीचेही शून्य तिचे स्वतःचेच शून्य असते.

आणि उलटही घडते. १९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलमधल्या गोयानिया शहरी, ओसाड पडलेल्या दवाखान्यातून काढलेले सीझियमचे यंत्र भंगारात गेले. आतली भुकटी अंधारात निळी चमके. लोकांनी ती कौतुकाने घरोघर नेली, मुलांनी अंगाला लावली. अखेर एका भौतिकशास्त्रज्ञाने उसने मोजणीयंत्र आणले. वाटेतच ते चालू केले तर काटा टोकाला. कुठेही वळवा, टोकालाच. यंत्र बिघडले असे समजून तो ते बदलून घ्यायला परत गेला. दुसऱ्याचाही काटा टोकाला गेला, तेव्हा त्याला उमगले की यंत्र ठीक आहे, शहर बिघडले आहे. चार माणसे गेली; त्यांत एक सहा वर्षांची मुलगी होती. लाखाहून अधिक लोकांना तपासावे लागले. आपल्याकडे २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगारबाजारात कोबाल्ट आले आणि एक माणूस दगावला. त्या दुकानांत तर न बिघडलेले किंवा बिघडलेले, कोणतेच यंत्र नव्हते.

शून्यावर विश्वास ठेवून मी चुकणार होतो. टोकावर अविश्वास ठेवून तो शास्त्रज्ञ क्षणभर चुकला. दोघांचाही प्रश्न एकच राहून गेला होता: हा काटा किती वजनाला हलतो? पोळ्या लाटणाऱ्या बाईला तो सुचला, कारण तिने लाकडाची वखार पाहिली होती.

घड्याळ आम्ही उघडले नाही. मागचे झाकण घट्ट बसवून, ते नातवाच्या उशापासून दूर, हवेशीर खोलीतल्या कपाटात काचेच्या डबीत ठेवले आहे. डबीवर त्याने स्वतःच्या अक्षरात मराठीत चिठ्ठी लावली आहे: 'पणजोबांचे घड्याळ. बंद दिसते, पण जागे आहे.' नव्या रंगाची कुपी उरली होती. ती त्याने पुठ्ठ्याच्या आकाशकंदिलाला लावली, आणि त्या दिवाळीत फोनवर मला दिवा मालवून दाखवला.

पहिली पिवळी पेटी माझ्याबरोबर पुण्याला आली. ती टेबलावर असते. तिचा काटा अजून शून्यावर आहे, आणि तो तिथेच राहो.